हवेतील बुरशीची ओळखपरेड

पावसाळा ऐन भरात आला की जुन्या पेठांतील गोदामांत, तळमजल्यावरील दुकानांत आणि पावसाच्या माऱ्याकडे भिंत असलेल्या घरांत एक ओळखीचा कुबट वास भरून राहतो. अनुभवी व्यापारी शटर उघडताच त्या वासावरून सांगतो, की कोपऱ्यातल्या थप्पीखाली ओल शिरली आहे. घरातील गृहिणीही लोणच्याच्या बरणीचे झाकण काढताच बुरा आला आहे की नाही, हे ओळखते. जैन स्वयंपाकघरात बुरा धरलेला पदार्थ वर्ज्यच असल्याने पापड-खाखऱ्यांच्या डब्यांवर चातुर्मासात विशेष लक्ष असते. माणसाचे नाक हा बुरशी ओळखणारा सर्वांत जुना संवेदक, म्हणजे आजच्या भाषेत सेन्सर आहे. त्याला वीज लागत नाही आणि खर्चही येत नाही.

मात्र या संवेदकाला दोन मर्यादा आहेत. रोज त्याच वासात राहणाऱ्याच्या नाकाला तो वास हळूहळू जाणवेनासा होतो. शिवाय नाक फक्त ‘बुरशी आहे’ एवढेच सांगते. ती कोणत्या जातीची आहे आणि हवेत किती पसरली आहे, हे त्याला सांगता येत नाही. बुरशी आपला वंश वाढवण्यासाठी हवेत बीजाणू सोडते. हे बीजाणू बहुधा २ ते १० मायक्रॉन आकाराचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके सूक्ष्म बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर फुप्फुसापर्यंत पोहोचतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा बंदोबस्त करते. दम्याचा रुग्ण, तान्हे मूल, कर्करोगावर उपचार घेणारी व्यक्ती यांच्या बाबतीत मात्र तशी खात्री देता येत नाही.

म्हणूनच या अदृश्य बीजाणूंना त्यांच्या डीएनएवरून ओळखणारी साधने तयार करण्याचे प्रयत्न गेली पंचवीस वर्षे चालू आहेत. या प्रयत्नांची हकिकत केवळ विज्ञानाची नाही. एखाद्या साधनाकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये, याचाही धडा तीत आहे.

क्लीव्हलंडची बाळे

१९९३ आणि १९९४ या दोन वर्षांत अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात दहा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत अचानक रक्तस्राव झाला. हा आजार एरवी अत्यंत दुर्मीळ. काही बाळे उपचारांनी बरी होऊन घरी गेली आणि त्यांना पुन्हा रक्तस्राव झाला. साहजिकच संशयाची सुई घराकडे वळली. यांपैकी अनेक घरांत पाणी मुरलेले होते आणि तेथे स्टॅकिबॉट्रिस चार्टारम ही काळपट बुरशी आढळली. सतत भिजलेला कागद, पुठ्ठा आणि कागदाचे आवरण असलेले जिप्समचे तक्ते हे तिचे आवडते ठिकाण. १९९७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, बाळांचा आजार आणि ही बुरशी यांच्यात संबंध असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

देशभर भीती पसरली. परंतु मार्च २००० मध्ये त्याच केंद्राने आपल्या कामाचे फेरपरीक्षण करून घेतले आणि पुराव्यांत त्रुटी असल्याने हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे जाहीर केले. बुरशी निर्दोष ठरली असे नव्हे. तिच्यावरील आरोप शाबीत झाला नाही, इतकेच.

आरोप शाबीत न होण्यामागे एक अडचण मोजमापाची होती. त्या काळी बुरशी ओळखण्याच्या दोनच रूढ पद्धती होत्या. पहिली, हवेचा किंवा धुळीचा नमुना पोषक द्रव्याच्या बशीत ठेवून बुरशी वाढू देणे. त्यात आठवडा किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि केवळ जिवंत बीजाणूच उगवतात. स्टॅकिबॉट्रिस तर अशा बशीत सहज वाढत नाही. जोमाने वाढणाऱ्या इतर बुरशी तिला मागे टाकतात. दुसरी पद्धत सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजण्याची. पण अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन मोठ्या कुळांचे बीजाणू दिसायला इतके सारखे असतात, की त्यांची एकत्रच गणना करावी लागते. एकाच आडनावाच्या शेकडो खातेदारांची शिल्लक एकाच खात्यात दाखवावी, तसा हा प्रकार होता.

नमुना सहीसारखी ओळख

बँकेत धनादेश आला की त्यावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतात. डीएनए चाचणीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. प्रत्येक जातीच्या बुरशीच्या डीएनएमध्ये काही अक्षरक्रम फक्त तिचेच असतात. त्या क्रमाशी तंतोतंत जुळणारा, साधारण वीस-तीस अक्षरांचा डीएनएचा तुकडा प्रयोगशाळेत तयार करता येतो. हा तुकडा म्हणजे नमुना सही. समोरच्या नमुन्यात जुळणारा क्रम असेल तर दोन्ही धागे एकमेकांना चिकटतात. नसेल तर चिकटत नाहीत.

पण धुळीच्या चिमटीतील बीजाणूंचा डीएनए अत्यल्प असतो. तो वाचता येण्याइतका वाढवण्याची युक्ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तीच आज कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली पीसीआर पद्धत. तिच्या प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती दुप्पट होतात. चक्रवाढीचा हिशेब जाणणाऱ्यांना तिचे सामर्थ्य लगेच उमगेल. एका प्रतीच्या दहा फेऱ्यांनंतर १,०२४ प्रती होतात, वीस फेऱ्यांनंतर १०,४८,५७६ आणि तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींहून अधिक. प्रती वाढत असताना चकाकणारे रंगद्रव्य वापरले, तर किती फेऱ्यांनंतर चकाकी दिसू लागली त्यावरून मुळात किती डीएनए होता हे काढता येते. दर आणि मुदत ठाऊक असली की रकमेवरून मुद्दल काढावे, तसेच हे गणित आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेत रिचर्ड हॉगलंड आणि स्टीफन व्हेस्पर यांनी हे तंत्र बुरशीसाठी विकसित केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात निवडलेली बुरशी होती क्लीव्हलंडच्या प्रकरणातील स्टॅकिबॉट्रिस. पुढे अनेक जातींच्या ‘नमुना सह्या’ तयार झाल्या आणि २००२ मध्ये या पद्धतीला पेटंट मिळाले. आठवड्याचे काम काही तासांवर आले आणि एकाच वेळी अनेक जातींचा स्वतंत्र हिशेब मांडता येऊ लागला.

संशोधनाचे साधन बाजारात

२००६ मध्ये अमेरिकेतील १,०९६ घरांतून धुळीचे नमुने गोळा करण्यात आले. हवेऐवजी धूळ घेण्यामागे विचार होता. हवेचा नमुना त्या क्षणाची शिल्लक दाखवतो. साचलेली धूळ मात्र अनेक महिन्यांच्या खातेउताऱ्यासारखी असते. या नमुन्यांत ३६ जातींच्या बुरशीची मोजणी झाली. त्यांपैकी २६ जाती पाणी मुरलेल्या घरांत विशेष आढळणाऱ्या, तर १० सर्वत्र सापडणाऱ्या. दोन्ही गटांच्या आकड्यांतील फरकावरून प्रत्येक घराला एक अंक देण्यात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मापाला ‘एर्मी’ म्हणतात. २००७ मध्ये ते जाहीर झाले.

हे माप संशोधकांसाठी होते. हजारो घरांची तुलना करून दमा आणि ओल यांचा संबंध अभ्यासावा, हा त्याचा हेतू. पण एक साधा आकडा हाती आला की बाजार त्याकडे दुर्लक्ष करीत नाही. खासगी प्रयोगशाळांनी ही चाचणी घरमालकांना विकण्यास सुरुवात केली. आकडा मोठा आला की कुटुंबे घाबरत, महागडी सफाई करून घेत. आकडा लहान आला तर घर सुरक्षित असल्याचा समज होई. ऑगस्ट २०१३ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षक कार्यालयाने अहवाल देऊन बजावले, की केवळ संशोधनासाठी तयार केलेल्या साधनावर विसंबून लोक घराच्या सफाईचे निर्णय घेत असण्याचा संभव आहे आणि संस्थेने याबाबत जनतेला स्पष्ट सांगावे.

चाचणी खोटी नव्हती. तिने दिलेली नावे बरोबर होती. चूक झाली ती नाव कळले म्हणजे धोकाही मोजला गेला, असे मानण्यात.

प्रयोगशाळेतून भिंतीवर

प्रयोगशाळेतील चाचणी आणि भिंतीवर बसवलेला संवेदक यांत मोठे अंतर आहे. संवेदकाला चार कामे माणसाच्या मदतीविना करावी लागतात: हवेतून बीजाणू पकडणे, ते फोडणे, डीएनए जुळवून पाहणे आणि निकाल कळवणे.

पहिली दोन कामे वाटतात त्याहून अवघड आहेत. घरातील हवेत बीजाणू विरळ असतात, त्यामुळे पुरेसे बीजाणू हाती येण्यासाठी भरपूर हवा पंपाने खेचावी लागते. आणि बीजाणूचे कवच तर निसर्गाने ऊन, कोरडेपणा व वारा सोसण्यासाठीच घडवलेले. प्रयोगशाळेत ते फोडण्यासाठी काचेच्या बारीक मण्यांबरोबर नमुना जोराने घुसळतात. हेच काम पंप आणि बॅटरीच्या लहान डबीत बसवणे ही संशोधकांची खरी डोकेदुखी आहे.

तरीही हे अशक्य नाही, याचे एक उदाहरण आहे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स जिवाणूंचे बीजाणू पाठवण्यात आले. त्यातून २२ जण बाधित झाले आणि ५ जण दगावले. त्यानंतर तेथील टपाल खात्याने पत्रे हाताळणाऱ्या यंत्रांवर हवा खेचणारी उपकरणे बसवली. हे उपकरण हवेतील कण द्रवात गोळा करते आणि पीसीआर चाचणी आपोआप पार पाडते. हवेतील बीजाणू डीएनएवरून ओळखणारा स्वयंचलित संवेदक अशा रीतीने प्रत्यक्षात आला. मात्र तो सरकारी तिजोरीला परवडणारा होता, घराला नव्हे.

डीएनए जुळवण्याचे काम मात्र झपाट्याने स्वस्त आणि सुटसुटीत होत आहे. २००० मध्ये जपानी संशोधकांनी ‘लॅम्प’ ही पद्धत मांडली. पीसीआरला पुन्हा पुन्हा तापवणे-थंड करणे लागते; लॅम्पला ६० ते ६५ अंश सेल्सिअसचे एकच तापमान पुरते. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ‘नमुना सही’चे तुकडे चिकटवून, जुळणारा डीएनए बसताच विद्युतप्रवाहात होणारा बदल मोजणारे संवेदकही प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना असे तुकडे जोडले, तर जुळणी होताच द्रवाचा तांबडा रंग जांभळट-निळा होतो, हे १९९६ मध्ये अमेरिकेतील चॅड मिर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

या क्षेत्रात भारतही मागे नाही. गोव्यातील मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची क्षयरोगाच्या निदानासाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. त्याच वर्षी दिल्लीच्या सीएसआयआर संस्थेतील देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी कोविडसाठी ‘फेलुदा’ ही कागदी पट्टीवरील चाचणी विकसित केली. ही साधने बुरशीसाठी नाहीत. पण डीएनएची ओळख पटवणारे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात, टेबलावर ठेवून चालवता येते, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

डीएनए काय सांगत नाही

उद्या असा संवेदक दुकानात मिळू लागला, तरी त्याच्या निकालाच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतील.

पहिली, बीजाणू मेला तरी त्याचा डीएनए काही काळ शिल्लक राहतो. त्यामुळे चाचणी जिवंत आणि मृत बीजाणूंत भेद करीत नाही. अ‍ॅलर्जी मृत बीजाणूंनीही होते, म्हणून ही त्रुटी नेहमीच मोठी ठरत नाही. पण संसर्गाचा धोका जोखताना ती महत्त्वाची ठरते.

दुसरी, विष म्हणजे डीएनए नव्हे. शेंगदाणा आणि मक्याच्या व्यापाऱ्यांना अफ्लाटॉक्सिन हे नाव परिचित आहे. ते निर्माण करणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे काही वाण विष तयार करतात, काही करीत नाहीत. बुरशीचे नाव कळले म्हणजे विष आहेच, असे होत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. हवेत अमुक इतके बीजाणू असले म्हणजे सुरक्षित आणि त्यापुढे घातक, अशी आरोग्याच्या आधारावर ठरलेली सर्वमान्य सीमाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत आणि जपान येथील १० ते ५० टक्के बंदिस्त जागांना ओलीचा उपद्रव असावा, असा अंदाज त्यांत आहे. दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी ओलीचा संबंध त्यांत स्पष्ट नोंदवला आहे; पण बीजाणूंची मर्यादा आकड्यात दिलेली नाही. ओल होऊ देऊ नये आणि झाल्यास दूर करावी, असेच त्यांत सांगितले आहे.

खरी गरज कोठे

मग हा संवेदक हवा कोणाला? जेथे डोळा आणि नाक पोहोचत नाहीत आणि जेथे थोडासा उशीर जिवावर बेततो, तेथे. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी निरोगी माणसाला सहसा काही करीत नाही, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती प्राणघातक ठरू शकते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली, तेव्हा तिला सर्वाधिक गंभीर गटात स्थान दिले. सिएटलमधील बालरुग्णालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले, की २००१ पासून १४ बालरुग्णांना अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग झाला आणि त्यांपैकी सहा दगावले. संशय हवा खेळवणाऱ्या यंत्रणेवर होता. शस्त्रक्रियागृहे बंद ठेवून ही यंत्रणा सुधारावी लागली. अशा ठिकाणी बशीत बुरशी उगवण्याची आठवडाभर वाट पाहणे आणि त्याच दिवशी इशारा मिळणे, यांतील फरक फार मोठा आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे कक्ष, बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील रुग्णालये, हस्तलिखितांची भांडारे आणि बंदिस्त धान्यकोठारे ही या संवेदकाची खरी ठिकाणे आहेत.

घराचा हिशेब

घराचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या घरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने जडलेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना भिंत रंगवून घ्या, असे सांगण्यात आले होते. त्या घरातील बुरशी पाहण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. ती भिंतीवर दिसत होती. आता त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला असून, ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातील मालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची ठरावीक मुदतीत चौकशी करावी लागते. धोका तातडीचा असेल तर २४ तासांत उपाय करावा लागतो.

आपल्याकडेही दिवाळीपूर्वी पोपडे खरवडून भिंतीवर रंगाचा हात फिरवण्याची पद्धत आहे. रंगाखाली ओल तशीच राहते आणि पुढच्या आषाढात तोच डाग पुन्हा वर येतो. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर बहुतेक वेळा तिची चाचणी करण्याची आवश्यकता नसते, असे ईपीएही सांगते. पाणी कोठून येते ते शोधणे हे पहिले काम: गच्चीचा तडा, न्हाणीघराचा सांधा, भिंतीतील नळ किंवा वातानुकूलन यंत्राची तुंबलेली नळी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली, तर बुरशी बहुधा धरत नाही. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहावी. ती दाखवणारा लहान मापक काही शे रुपयांत मिळतो आणि गोदामासाठी तोच सर्वांत उपयोगी संवेदक आहे. माल जमिनीला आणि भिंतीला लागून न ठेवता लाकडी फळ्यांवर, मागे हवा खेळेल एवढी जागा सोडून रचावा. जिप्समच्या छताचा तक्ता एकदा पुरता भिजून बुरशीने धरला, की तो पुसत बसण्यापेक्षा बदलणे शहाणपणाचे. साफ करताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवा आणि घरातील दमेकरी, वृद्ध व लहान मुले यांना त्या वेळी दूर ठेवावे.

डीएनएवर आधारित संवेदक येत्या काळात लहान होतील, स्वस्त होतील आणि भिंतीआड दडलेल्या बुरशीचे नावही सांगतील. रुग्णालयांसाठी ते जीवनदायी ठरू शकतात. घरात मात्र अहवाल हाती आल्यानंतरही गच्चीची गळती थांबवण्यासाठी गवंडीच बोलवावा लागेल. तो जितक्या लवकर येईल तितका खर्च कमी, आणि घरातील लहानग्यांचा खोकलाही.